खळदकरांची माधुकरी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत श्यामसुंदर खळदकरांविषयी कोणाचीच काही तक्रार नव्हती. माणसाबद्दल याहून वाईट काही बोलता येईल असे मला वाटत नाही. तक्रार व्हायला निदान संबंध तरी यावा लागतो. खळदकरांचा कोणाशी संबंधच येत नसे. मेंटेनन्सचा चेक मुदतीआधी. जिन्यात भेटले तर नमस्कार, तोही बेताचा. गणपतीची वर्गणी पाकिटात घालून तयार. पोरे 'मोरया' म्हणायला तोंड उघडतात तोवर पाकीट हातात आणि दार बंद.

त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको उल्का. मी श्रीनिवास, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला कारकून. खळदकर माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठे. लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी उभा जन्म सोलापुरी माल विकला. चादरी, टॉवेल, गिरणीचे जाडेभरडे कापड. दुकानाचे मालक बदलले, गिऱ्हाइकांच्या पिढ्या बदलल्या, खळदकर तिथून हलले नाहीत. मूलबाळ नव्हते. होत्या त्या प्रेमलावहिनी, आणि त्या असेपर्यंत त्या घराला माणसांची वाण पडली नाही.

वहिनी रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात उभ्या. "आहे का गं घरात कोणी?" अशी हाक आली की समजायचे, काहीतरी मागायला आल्यात. चमचाभर विरजण, वाटीभर साखर, चार कढीलिंबाची पाने. खळदकरांना याचा भयंकर राग. "बाजार काय ओस पडलाय?" असे ते खालून ओरडत आणि आम्हाला वर स्पष्ट ऐकू येई. वहिनी हसत, दारातच अर्धा तास बोलत आणि विरजण घेऊन खाली जात.

त्या गेल्या. पहिल्याच आठवड्यात उल्काने अळूची भाजी पाठवली. संध्याकाळी वाटी परत आली, घासूनपुसून लख्ख, आणि सोबत पाव किलो पेढे. भांडे रिकामे परत करू नये ही आपली रीत खरी. पण त्या रीतीत चार दिवस मध्ये जाऊ द्यायचे असतात. भांडे विसरायचे असते. "अहो, तुमची वाटी आमच्याकडेच राहिली की," असे म्हणत आणखी एक चक्कर टाकायची असते. खळदकर त्याच दिवशी फिटंफाट करून मोकळे. खिचडी पाठवली, बर्फी आली. पुरणपोळी पाठवली, सुका मेवा आला. "या माणसाला आमटी पाठवायची म्हणजे त्याला मिठाईच्या दुकानात पिटाळायचं," असे म्हणून उल्काने पाठवणे थांबवले. बाकीच्यांनी तिच्या आधीच थांबवले होते. मग त्या दारात पेपरवाल्याखेरीज कोणी उभे राहीना.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघांनी ट्रिपची दोन तिकिटे काढली होती. सोलापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि येताना तुळजापूर. ऐन वेळी उल्काचा गुडघा सुजला. तिची जागा रिकामी जाणार, हे मी जिन्यात कोणाला तरी सांगत होतो ते खळदकरांनी ऐकले असावे. थोड्या वेळाने ते तिकिटाच्या पैशांचे पाकीट घेऊन दारात हजर.

"मला गाणगापूरला जायचंय," ते म्हणाले. "प्रेमलेचा एक नवस राहिलाय."

"काय बोलल्या होत्या?"

"पाच घरी माधुकरी मागायची."

"त्यांनी?"

"मी," खळदकर म्हणाले आणि पाकीट टेबलावर ठेवून खाली गेले.

उल्काला सगळे ठाऊक होते, बायकांना असतेच. गाणगापूर हे दत्ताचे ठाणे. दुपारी दत्तमहाराज कोणाच्या तरी रूपाने तिथे भिक्षा मागतात अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे गेलेला माणूस, मग तो डॉक्टर असो की मामलेदार, खांद्याला झोळी लावून पाच घरी हात पसरतो. पूर्वी कधी तरी खळदकरांना जबर कावीळ झाली. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा वहिनी बोलल्या की हे उठून बसले तर यांना गाणगापूरला नेऊन पाच घरी माधुकरी मागायला लावीन. खळदकर उठून बसले आणि आधी बायकोवरच उखडले. "नवस तुझा आणि भीक मी मागायची? बरा आहे की न्याय!" वहिनी दर वर्षी आठवण करत. हे दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत. मग वहिनीच राहिल्या नाहीत.

पहाटे कर्वे पुतळ्यापाशी बस आली. बजरंग नावाचा ट्रिपवाला तोंडात शिटी घेऊन उभा. बसमध्ये सगळे दोघादोघांनी, नाहीतर घोळक्याने आलेले. डबे उघडले, चिवडा फिरला, भेंड्या सुरू झाल्या. आमच्या सीटपाशी चिवडा आला की खळदकर म्हणत, "नको, माझं आहे," आणि पिशवीतून आपला बिस्किटांचा पुडा काढून दाखवत. हडपसर सुटायच्या आत लोकांनी त्यांना विचारणे सोडून दिले होते.

सोलापूरला सिद्धेश्वराचे दर्शन झाले. तळ्याच्या मधोमध देऊळ, स्वच्छ हवा, मन प्रसन्न झाले. मंडळी चादरी घ्यायला बाजारात गेली. मी म्हटले, "चला, तुमचंच खातं आहे, चांगली चादर निवडून द्या." पण खळदकरांना चादर नको होती, गिरणी पाहायची होती. जन्मभर सोलापूर विकले आणि सोलापूर पाहिले नाही, ही खंत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवली. आम्ही रिक्षा केली.

गिरणी कधीच बंद पडलेली. एक उंच धुराडे, काळवंडलेली भिंत, आत माजलेले गवत. गंजलेल्या फाटकासमोर एक म्हातारा खुर्ची टाकून उन्हात बसला होता.

"काय बघालाव?" त्याने विचारले. "आत काय नाही आता."

त्यांचे नाव नासिरभाई. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, त्यांची सारी उमर गेली. घर समोरच्याच बोळात. भोंगा झाला की अख्खे गाव उठायचे, भोंगा झाला की जेवायचे, म्हणाले. भोंगा थांबल्यावर कित्येक दिवस त्यांना भूक कधी लागते तेच कळेना. तरी रोज सकाळी खुर्ची इथेच टाकतात, कारण घरात बसून करायचे काय?

"तुमचं कापड मी विकलंय," खळदकर म्हणाले. "पुण्यात, लक्ष्मी रोडवर. ही गिरणी बंद पडेपर्यंत."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! खुर्चीतून उठले, खळदकरांचा हात दोन्ही हातांत धरला. आमचे कापड कोण घेत होते, कशाला घेत होते, किनार आवडायची का, रंग जायचा का, विचारता सोय नाही. खळदकरही खुलले. इतके बोलताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. बोळातून चहा आला, कपबश्यांतून, आले घालून. चहा पिऊन झाला आणि खळदकरांनी बशीखाली नोट सरकवली.

नासिरभाईंनी ती पाहिली. हात सोडला. "पावणं," ते म्हणाले, "हे हॉटेल न्हवं." नोट परत खळदकरांच्या हातात देऊन ते खुर्चीत बसले आणि धुराड्याकडे बघू लागले.

रिक्षात मी तडकलो. "अहो, तो माणूस वाट बघत बसला होता, कोणीतरी आपल्याला ओळखणारं भेटेल म्हणून. तुम्ही भेटलात आणि त्याला चहावाला करून टाकलंत."

"फुकट कसा घ्यायचा?" खळदकर म्हणाले. चेहरा पडलेला होता, पण म्हणाले हेच.

अक्कलकोटला अन्नछत्रात हजारो माणसे पंगतीला बसतात. तिथे कोणी कोणाला पैसे विचारत नाही. खळदकरांनी आधी देणगीची खिडकी शोधली, पावती फाडली, ती खिशात नीट ठेवली आणि मगच पानावर बसले. मी कपाळाला हात लावला.

दोन सुटी माणसे म्हणून आम्हाला भक्तनिवासात एकच खोली होती. जेवून आल्यावर खळदकर कॉटवर बसून होते. झोळी बाहेर काढली होती, कोऱ्या मांजरपाटाची, शिवून आणलेली. तिच्या पट्ट्याशी चाळा करत ते आपणहून बोलू लागले.

"मी वार लावून जेवलोय, श्रीनिवासराव. तुम्हाला माहीत आहे ना वार लावणं?"

मला ऐकून माहीत होते. शिकायला पुण्यात आलेला गरिबाचा मुलगा सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याची सात घरे बांधून घ्यायची. खळदकर सासवडजवळच्या खळदचे, वडील लहानपणीच गेलेले. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षे झाली होती तेव्हा ते शाळेसाठी पुण्यात आले.

"सहा घरं चांगली होती," ते म्हणाले. "बुधवारचं तसं नव्हतं. तिथं सगळ्यांचं उरकलं की दाराआड वाढायचे. वाढताना म्हणायचे, पोट आहे की पोतं? एका बुधवारी गेलो तर कुलूप. लग्नाला गेले होते सगळे, मला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, कोण सांगणार! मी पायरीवर बसून राहिलो. येतील, येतील म्हणून अंधार पडेपर्यंत बसलो. बाजूच्या बाईंनी विचारलं, जेवलास का रे? मी म्हटलं, हो." झोळीचा पट्टा बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "त्या दिवशी ठरवलं, पुन्हा म्हणून कुणापुढं हात पसरायचा नाही. आणि पसरला नाही."

"वहिनींना ठाऊक होतं हे?"

"सगळं. लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं. म्हणून तर कळत नाही. सगळं ठाऊक असताना तिनं नेमका हाच नवस का बोलावा?"

मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी गाणगापूर. संगमावर आंघोळ, मठात पादुकांचे दर्शन, आणि दुपार झाली तशा गल्लीगल्लीतून हाका सुरू झाल्या. "ॐ भवति भिक्षां देहि!" आमच्या बसमधल्या बायका तर सूर लावून म्हणत होत्या. त्यांना गंमत वाटत होती, आणि तेही बरोबरच होते. मी पण झोळी अडकवली. पहिल्याच घराच्या ओट्यावर मथुराबाई नावाची एक उंचपुरी म्हातारी परात घेऊन बसली होती. परातीत भाकरीचे तुकडे आणि भात. मी मागितले, तिने वाढले. माझ्यामागे खळदकर.

त्यांनी झोळी पुढे केली. तोंड उघडले. आवाज निघेना.

"मागा की, अण्णा," मथुराबाई म्हणाली.

खळदकरांचे ओठ हलले, शब्द फुटेना. मागचे लोक चुळबुळ करू लागले. आणि त्यांचा हात, मला वाटलेच होते, खिशाकडे गेला. त्यांनी नोट काढून परातीच्या कडेला ठेवली.

म्हातारीने परात मागे ओढली. "पैसं देऊन घ्यायचं असंल तर बाजारात जावा. हितं मागावं लागतंय."

खळदकर बाजूला झाले. समोरच्या भिंतीला टेकून मटकन खाली बसले. माझी मागणी राहिली बाजूला, मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. आजूबाजूने झोळ्या घेतलेली माणसे हसतबोलत जात होती.

"मला येत नाही हो," ते अखेर म्हणाले. "मागायचं कसं असतं तेच येत नाही. हे काम प्रेमलेचं. सगळं तीच मागायची, विरजण काय, साखर काय. आणि तुम्हाला सांगतो, ती गेल्यावर मी स्वयंपाकघर आवरायला काढलं, तर साखरेचे दोन डबे काठोकाठ भरलेले. जायच्या आदल्याच दिवशी ती तुमच्याकडून साखर घेऊन आली होती. मग घरात असताना मागायला का गेली? म्हातारपणी विसरायला लागली होती की काय?"

मला हसावे की रडावे कळेना. चाळीस वर्षे दुकानात बसून माणूस इतका अडाणी राहू शकतो?

"खळदकर," मी म्हटले, "आमच्याही घरात साखर भरलेली असते. उल्का तरी तुमच्याकडे यायची की नाही चहापूड मागायला? साखर लागत असते म्हणून जातात होय? काहीतरी मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात उभं कसं राहायचं? बोलायचं कसं? वहिनी गेल्या, तुमच्याकडून कोणी मागायला येईना, आम्ही पाठवलं तर तुम्ही संध्याकाळच्या आत परत. मग आम्ही कुठल्या निमित्तानं यायचं तुमच्याकडे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "फार एकटं वाटतं हो, श्रीनिवासराव. मला वाटायचं, लोक विसरले."

हे बोलताना त्यांनी आवाज खाली आणला नाही. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी ऐकले असेल.

ते उठले. मथुराबाईच्या ओट्यापाशी गेले. म्हातारी समोर बसलेली असताना, वहिनींच्याच चालीवर, त्यांच्या तोंडून निघाले, "आहे का हो घरात कोणी?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. मथुराबाई हसली नाही. "हाय की. बोला."

"भिक्षा वाढा, माई."

तिने भाकरीचा चतकोर आणि मूठभर भात झोळीत घातला. खळदकर झोळीत डोकावून बघत तसेच उभे राहिले. मागच्यांनी पुढे सरकवले तेव्हा सरकले. दुसऱ्या घरी आवाज जरा मोकळा झाला. तिसऱ्या घरी संस्कृत जमले. चौथ्या घरी एका लहान मुलीने पोळी घातली, तर तिला म्हणाले, "तूप नाही लावलंस?" आणि स्वतःच दचकले.

तेवढ्यात बजरंगची शिटी वाजली. तुळजापूर गाठायचे होते.

"अजून एक घर राहिलंय," मी म्हटले. "बजरंगला सांगा, थोडा थांब."

"त्याला कशाला उगीच त्रास?" खळदकर म्हणाले आणि बसकडे चालू लागले. मी त्यांना थांबवायला गेलो तर माझा हात झटकला. चार दारांत भीक मागून आलेल्या माणसाला ट्रिपवाल्याला थांब म्हणता येईना. मला इतका संताप आला की मी तुळजापूरपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. चार घरचे अन्न त्यांनी खिडकीकडे तोंड करून खाल्ले. शीत न् शीत खाल्ले.

तुळजापूरला देवीपुढे हात जोडून ते बराच वेळ उभे होते. पायऱ्या चढताना एवढेच म्हणाले, "एक घर राहिलं. प्रेमलेला काय सांगू?" "आता तुम्हीच बघा," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्का पोळ्या लाटत होती, मी पेपर वाचत होतो. जिन्यात आवाज आला. कापरा, पण मोठा.

"ॐ भवति भिक्षां देहि!"

मी दार उघडले. खळदकर अनवाणी उभे, दाढी केलेली, खांद्याला झोळी. समोरच्या पद्मजाबाई दार किलकिले करून बघत होत्या. "अहो खळदकर, बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारले.

"बरा आहे," खळदकर म्हणाले. "नवस आहे. पाचवं घर आहे हे." मग माझ्याकडे वळून, "गाणगापूर नाही, मला माहीत आहे. शास्त्रात बसतं की नाही कोणाला विचारलं नाही. प्रेमलेला चालेल."

उल्का पिठाच्या हातांनी बाहेर आली, एक नजर टाकून आत गेली आणि ताट घेऊन आली. दोन पोळ्या, कोबीची भाजी, भाताची मूद. एकेक करून सगळे झोळीत घातले. खळदकरांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. आम्ही तिघांनीही पाहिले. हात खिशाशी थांबला, आणि तसाच रिकामा खाली आला.

"परत काय द्यायचं असतं?" त्यांनी विचारले.

"काही नाही," उल्का म्हणाली. "भिक्षेला भांडं कुठं असतं परत करायला? आत या, बसून जेवा."

"नको. माधुकरी आहे, घरी जाऊन खातो."

ते दोन पायऱ्या उतरले. कठड्याला धरून थांबले, पाठमोरेच. मग वळले.

"वहिनी, उद्या आलो तर चालेल का? उद्या नवस नाहीये."

"उद्या माझा उपास आहे," उल्का म्हणाली. "साबुदाण्याची खिचडी असेल."

"चालेल," खळदकर म्हणाले.